नानकिंगचे औद्योगिक प्रदर्शन : तोटा कोणता व लाभ कोणता

प्रदर्शन भरणार असे जाहीर झाले की आमच्या पेठेतील व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की गाळ्याचे भाडे विक्रीतून सुटेल किंवा नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याने गाठीचे भांडवल घालून दुकान मांडले त्याने वहीकडे पाहू नये असा उपदेश करणे म्हणजे शुद्ध ढोंग होय. परंतु वहीत न मावणारा असाही काही जमाखर्च असतो, आणि तो केव्हातरी मांडावाच लागतो. ह्या दृष्टीने, चीनच्या बादशाही अमदानीच्या शेवटल्या दिवसांत, म्हणजे सन १९१० मध्ये, नानकिंग शहरी (त्यास हल्ली नानजिंग म्हणतात) जे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. ते प्रदर्शन पैशाच्या हिशेबात तोट्यात गेले; ज्या अधिकाऱ्याने ते योजिले तो, प्रदर्शन मिटल्याला पुरते वर्ष होण्याच्या आत, आपल्याच शिपायांच्या हातून मारला गेला; आणि ज्या सिंहासनाच्या छायेखाली ते भरले ते सिंहासनही १९१२ च्या फेब्रुवारीत रिकामे झाले. इतके असूनही ते सर्वस्वी व्यर्थ गेले असे आम्हांस वाटत नाही. त्यात यश कोणते आणि अपयश कोणते, हे निवडून पाहिले असता आमच्याही उपयोगाचे पुष्कळ हाती लागते.

प्रथम, चीनला असे प्रदर्शन भरविण्याची निकड का भासली ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत जागतिक प्रदर्शनांची लाटच उसळली होती, आणि व्हिएन्ना, फिलाडेल्फिया, पॅरिस अशा ठिकाणी चीनचाही माल जात असे. पण तो निवडी कोण ? बहुतेक प्रसंगी हे काम चीनच्या सागरी जकात खात्याकडे असे. आणि ते खाते चिनी सरकारचे असले तरी त्याचे वरिष्ठ अधिकारी परदेशी होते. घर एकाचे, आणि दिवाणखाना मांडणार दुसरा, अशी ही स्थिती. तिचा परिणाम सन १९०४ च्या सेंट लुईस येथील प्रदर्शनात उघड दिसला. तेथे रेशीम व चिनी मातीची भांडी ह्यांच्या जोडीला बांधलेल्या पायांच्या स्त्रियांच्या प्रतिमा आणि अफू ओढण्याच्या नळ्याही मांडल्या गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी जपानात ओसाका येथील प्रदर्शनात तर निरनिराळ्या जातींची जिवंत माणसे दाखविण्याच्या एका मंडपात चिनी माणसेही ठेवण्याचा बेत होता. चिनी विद्यार्थ्यांनी व वकिलातीने निषेध केला तेव्हा तो बेत रद्द झाला. परदेशी शिकणाऱ्या तरुणांच्या मनाला हे फार झोंबले. आपले दुर्गुण खोटे आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. पाय बांधण्याच्या चालीविरुद्ध आणि अफूविरुद्ध ते स्वतःच झगडत होते. त्यांचे म्हणणे इतकेच, की आमचे घर आम्ही झाडू आणि आमचा माल आम्हीच मांडू. १९०५ पासून ह्या कामाची सूत्रे जकात खात्याकडून काढून चीनच्या नव्या व्यापार खात्याकडे देण्यात आली, ती ह्याच चळवळीमुळे.

ओसाकाने अपमान केला तसा धडाही दिला, हे येथे सांगितले पाहिजे. जपानने सन १८७७ मध्ये टोकियोच्या उएनो बागेत पहिले देशी औद्योगिक प्रदर्शन भरविले, आणि ते व्रत पुढे नेटाने चालविले. १९०३ चे ओसाकाचे प्रदर्शन त्या मालिकेतील पाचवे असून ते पाहण्यास ४३ लाखांहून अधिक लोक लोटले. त्या गर्दीत चीनचे झांग जिआन नावाचे एक गृहस्थ होते. हे सन १८९४ च्या राजपरीक्षेत साऱ्या देशात पहिले आले होते. अशा पंडिताने मोठी हुद्देदारी मिळवावी आणि व्यापाऱ्याकडे वरून पाहावे, हा तेथील शतकानुशतकांचा शिरस्ता. ह्यांनी तो मोडला, आणि आपल्या नानतुंग गावी सुताची गिरणी काढली. ती १८९९ मध्ये चालू झाली. लेखणी धरणाऱ्याने तागडी धरली तर त्याची जात जात नाही, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखविले. आमच्या समाजातही ह्या दोहोंमधील भिंत किती जाड होती, आणि अजून कोठे कोठे किती उभी आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

प्रदर्शनाची कल्पना सरकारदरबारी मांडली ती दुआनफांग ह्या मांचू सरदाराने. १९०५ साली चीनने पाच वरिष्ठ अधिकारी परदेशच्या राज्यपद्धती पाहण्यासाठी पाठविले, त्यांपैकी हे एक. अमेरिका व युरोप हिंडून परत आल्यावर त्यांस किआंगसू, आन्हुई व किआंगसी ह्या तीन प्रांतांचे व्हाइसरॉय नेमण्यात आले, आणि नानकिंग ही त्यांची राजधानी झाली. ह्याच अधिकाऱ्याकडे दक्षिणेकडील बंदरांच्या व्यापाराची देखरेखही असे, आणि त्या अधिकारास 'नानयांग', म्हणजे दक्षिण समुद्र, असे नाव होते. प्रदर्शनास 'नानयांग'चे नाव पडले ते ह्यावरून. १९०८ च्या अखेरीस दुआनफांग ह्यांनी बादशहाकडे योजना पाठविली. सेंट लुईसचे प्रदर्शन प्रत्यक्ष पाहून आलेले चेन ची ह्यांजवर मांडणीचा भार टाकण्यात आला, आणि शांघायचे प्रसिद्ध व्यापारी यू शिआचिंग ह्यांस व्यापारीवर्गाच्या वतीने पुढे घेण्यात आले.

पैशाची व्यवस्था आमच्या व्यापारी वाचकांनी लक्षपूर्वक पाहावी. एकंदर भांडवल प्रथम पाच लक्ष युआन ठरले, आणि पुढे ते सात लक्षांवर गेले. मूळ योजनेत अर्धा वाटा सरकारचा व अर्धा व्यापाऱ्यांचा होता. व्यापाऱ्यांचा वाटा भागांच्या रूपाने जमवावयाचा होता. म्हणजे हे निव्वळ सरकारी खाते नव्हते, आणि निव्वळ खाजगी पेढीही नव्हती. ती भागीदारी होती. प्रदर्शनास येणाऱ्या मालावरील जकात व 'लिकिन' माफ करण्यात आली. हे लिकिन म्हणजे प्रांतोप्रांतीच्या नाक्यांवर घेतला जाणारा कर. सन १८५३ मध्ये ताइपिंग बंडाच्या खर्चासाठी तो सुरू झाला, आणि बंड मोडून चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोटली तरी चालूच होता. आपल्याच देशातील माल आपल्याच देशात नेताना वाटेत दहा ठिकाणी हात पसरलेला. असल्या देशात मोठा कारखाना कसा वाढावा? प्रदर्शनापुरती नाकी मोकळी झाली ह्याबद्दल सरकारची स्तुती झाली. पण जो कर प्रदर्शनाच्या मालास जाचक तो रोजच्या मालास कसा पोषक, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

ता. ५ जून १९१० रोजी प्रदर्शन उघडले, आणि ता. २९ नोव्हेंबरपर्यंत ते चालू होते. जागा शहराच्या उत्तरेकडील मोकळ्या मैदानात निवडली होती. शांघायहून नानकिंगला येणारा लोहमार्ग १९०८ मध्ये पुरा झाला होता. शहरातल्या शहरात धावणारी लहान आगगाडीही १९०९ मध्ये सुरू झाली होती. ह्यामुळे दूरच्या माणसासही येणे सोपे झाले. जवळच्या शुआनवू सरोवराकडे जाण्यासाठी शहराच्या जुन्या तटात नवी वेस पाडण्यात आली. नव्या व्हाइसरॉयच्या जन्मगावावरून तिचे नाव 'फेंगरुन' ठेविले गेले. शिक्षण, शेती, यंत्रे, दळणवळण, वैद्यक, शस्त्रास्त्रे, ललितकला अशी निरनिराळी दालने होती. हूबे, हूनान, झेजियांग, सिच्वान, मांचुरिया इत्यादि प्रांतांनी आपापले स्वतंत्र मंडप उभारले. नानकिंगच्या किनखाबवाल्यांचा मंडप वेगळा, शांघायच्या सरकारी शस्त्रकारखान्याचा वेगळा. मलाया, जावा आदिकरून देशांत जाऊन स्थायिक झालेल्या चिनी लोकांच्या मालासाठी खास दालन होते. परदेशी मालही तुलनेसाठी म्हणून निराळा मांडला होता. रात्री सारे आवार विजेच्या दिव्यांनी उजळत असे, आणि ज्यांनी तेलाच्या पणतीपलीकडे उजेड पाहिला नव्हता ते लोक तोंडात बोट घालून उभे राहत.

मालाची परीक्षा सरकारने नेमलेल्या परीक्षकांनी केली, आणि लहानमोठी मिळून पाच हजारांवर बक्षिसे वाटली गेली. एवढी खिरापत झाल्यावर बक्षिसाची किंमत ती काय, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. हूनान प्रांतातील लिलिंग येथे साधी जाडीभरडी भांडी होत असत. शिओंग शिलिंग नावाच्या एका सुधारक गृहस्थाने जपानातील धंदा पाहून येऊन तेथे १९०५ च्या सुमारास कुंभारकामाची शाळा आणि पाठोपाठ कंपनी काढली. झिलईच्या खाली अनेक रंग उठविण्याची त्यांची रीत अवघ्या चार-पाच वर्षांत इतकी साधली की नानकिंगला त्या भांड्यांनी वरच्या प्रतीचे पारितोषिक मिळविले. शाळा आधी, कारखाना मागाहून, बक्षीस सर्वांत शेवटी, हा क्रम आमच्या लोकांनी मनात ठेवावा. दुसरे उदाहरण शेन शौ ह्या बाईंचे. भरतकामात त्यांचा हात असामान्य होता, आणि नानकिंगला भरतकामाच्या परीक्षकाचे काम त्यांजकडे सोपविले गेले. ज्या देशाची ओळख परक्यांच्या प्रदर्शनात बांधलेल्या पायांनी करून दिली जात असे, त्या देशाच्या स्वतःच्या प्रदर्शनात एक स्त्री न्यायासनावर बसली, ही गोष्ट आमच्या मते हजार दिव्यांहून अधिक प्रकाश देणारी होय. पुढे १९११ मध्ये त्यांनी भरलेले इटलीच्या राणीचे चित्र तुरीन येथील प्रदर्शनात नावाजले गेले. आणि १९१४ मध्ये झांग जिआन ह्यांनी नानतुंगला मुलींसाठी काढलेली भरतकामाची शाळा त्यांनी चालविली.

पण ह्या सर्व थाटापेक्षा आम्हांस अधिक मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. झांग जिआन व शिक्षणखात्यातील विद्वान ली रुईचिंग ह्यांनी पुढाकार घेऊन प्रदर्शनाचा अभ्यास करणारे एक मंडळ स्थापिले. जाणत्या लोकांनी दालनोदालनी हिंडावे, आपल्या मालाची परक्या मालाशी तुलना करावी, उणे काय ते लिहावे, आणि ते छापून सर्वांस वाचावयास द्यावे, असा त्याचा हेतू. उत्सवात स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. स्वतःच्या मालातले वैगुण्य छापून काढणारे विरळा. आणि जे दिसले ते गोड नव्हते. हस्तकौशल्याच्या वस्तू एकाहून एक सरस. पण यंत्राने केलेला माल थोडा. कच्चा माल विपुल. पण त्याचा पक्का माल करण्याची तयारी अपुरी. ज्या रेशमावर चीनचा हजारो वर्षांचा हक्क, त्या रेशमाच्या निर्गतीत जपानने त्यास त्याच सुमारास मागे टाकले होते. कारण उघड होते. जपानी रेशीम एका जाडीचे, एका गुणाचे, आणि नमुन्याबरहुकूम येत असे. चिनी रेशमात उत्तम व हिणकस एकाच गाठोड्यात निघे.

येथे आमच्या देशाचाही संबंध येतो. चहा हा चीनचा. पण आसाम व सिलोन येथील चहाने विलायतच्या बाजारातून चिनी चहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हुसकून लाविले होते. तेव्हा सन १९०५ मध्ये नानकिंगच्याच व्हाइसरॉयने झेंग शिहुआंग ह्या अधिकाऱ्यास चहाच्या धंद्याची पाहणी करण्यासाठी हिंदुस्थान व सिलोन येथे पाठविले. ज्यांनी जगास चहा शिकविला ते चहा शिकण्यास येथे आले ! ह्यात आम्ही फुशारकी मारण्यासारखे काही नाही, कारण ते मळे व ती यंत्रे बहुतांशी इंग्रज मालकांची होती. सुताची गोष्ट मात्र थेट आमच्या दारची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांचे जाडे सूत चीनमध्ये गाठोड्यांनी खपत असे, आणि कित्येक पेढ्या त्यावर गबर झाल्या. झांग जिआन ह्यांची गिरणी निघाली ती असल्या परक्या सुताची जागा गावच्या कापसाने भरून काढावी म्हणून. पुढे जपानी सूत आणि चिनी गिरण्या ह्यांच्या कात्रीत सापडून मुंबईची ती बाजारपेठ हातची गेली. गिऱ्हाईक आपला गुलाम नव्हे. तोही एक दिवस शिकून उभा राहतो, हे आमच्या गिरणीवाल्यांस उशिरा कळले.

आता तोट्याकडे वळू. प्रदर्शन उघडून दोन महिने होत नाहीत तोच, जुलै १९१० मध्ये, शांघायात मोठे दिवाळे वाजले. रबराच्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा बेसुमार चढला होता. भाव कोसळताच बड्या देशी पेढ्या बसल्या, हुंड्या परत येऊ लागल्या, आणि ऑक्टोबरात आणखी एक जुनी मातबर पेढी बुडाली. ज्या व्यापारीवर्गाच्या जिवावर प्रदर्शन उभे होते तोच हवालदिल झाला. मग मौजेसाठी नानकिंगला जातो कोण? प्रेक्षकांची संख्या दोन ते तीन लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. ओसाकाच्या मानाने ती अगदी किरकोळ. आणखी एक अडचण अशी, की योजना ज्याची तो दुआनफांग तोवर जागेवर नव्हता. त्यांची बदली उत्तरेस झाली होती; आणि १९०९ च्या अखेरीस राजमाता त्सेशी हिच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे काढविली, अशा आरोपावरून त्यांस नोकरीतून काढण्यात आले होते. त्यांच्या जागी आलेले झांग रेनजुन हे जुन्या वळणाचे. त्यांनी काम पार पाडले, पण दुसऱ्याच्या लेकराचे बारसे करावे तसे. ज्या राज्यात एका माणसाच्या बदलीने योजनेचा प्राण जातो, तेथे संस्था नाही, केवळ मर्जी आहे, असे समजावे.

पण खरा घात ह्याहून खोल होता. १९०९ पासून प्रांतोप्रांती सल्लागार सभा भरू लागल्या होत्या. किआंगसूच्या सभेचे अध्यक्ष झांग जिआन हेच होते. राष्ट्राची सभा लवकर बोलवा, असे अर्ज १९१० मध्ये पेकिंगला एकामागून एक गेले. सरकारने अर्धवट वचन देऊन ते टाळले. ज्यांच्याकडून प्रदर्शनास वर्गणी घेतली त्यांस राज्यकारभारात शब्द मात्र नाही, असा हा न्याय. लगेच पुढल्या वर्षी, मे १९११ मध्ये, सरकारने प्रांतिक लोहमार्ग कंपन्या आपल्या ताब्यात घेण्याचे फर्मान काढले, आणि परदेशी सावकारांकडून कर्ज उचलले. सिच्वान प्रांतात लहान भागीदारांपासून जमीनदारांपर्यंत हजारोंचा पैसा त्या कंपनीत अडकला होता. त्यांचे समाधान होईल असा मोबदला मिळाला नाही. दुकाने बंद झाली, शाळा बंद झाल्या, सारा थांबला. आणि ह्या लोहमार्गांच्या कामावर व पुढे सिच्वानच्या बंदोबस्तावर सरकारने कोणास पाठवावे ? त्याच दुआनफांग ह्यांस ! ज्याने तीन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांस भागीदार होण्यास बोलाविले, तोच आता भागीदारांचे तोंड बंद करण्यास निघाला. ऑक्टोबरात वुचांग येथे राज्यक्रांतीचा भडका उडाला, आणि ता. २७ नोव्हेंबर १९११ रोजी सिच्वानच्या वाटेवर दुआनफांग ह्यांच्याच पलटणीने त्यांचा शिरच्छेद केला. मनुष्य विद्याव्यासंगी होता, सुधारणेची कळकळ त्यास होती. त्याच्या मरणाची हकीकत वाचून कोणासही वाईटच वाटेल. परंतु व्यापारी जे भांडवल देतो ते केवळ नाणे नसते, तो विश्वास असतो. आणि विश्वास एका हाताने मागून दुसऱ्या हाताने मोडता येत नाही, हे त्याच्या सरकारला उमगले नाही.

मग त्या सहा महिन्यांतून काय उरले ? माणसे उरली. शाओशिंग येथील शाळेतले एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन प्रदर्शन पाहण्यास गेले होते. पुढे ते लू शुन ह्या नावाने चीनचे अग्रगण्य लेखक झाले. त्याच आवारात ऑक्टोबर १९१० मध्ये साऱ्या देशाचे पहिले मर्दानी खेळांचे सामने झाले. चेन ची ह्यांनी १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात चीनचे मंडप मांडले. ह्या खेपेस दिवाणखाना घरच्याच माणसाने लाविला. १९२९ मध्ये हांगचौला पश्चिम सरोवराच्या काठी पुन्हा मोठे प्रदर्शन भरले. आणि नानकिंगनंतर बरोबर १०० वर्षांनी, सन २०१० मध्ये, शांघायात जे जागतिक प्रदर्शन झाले त्यास ७ कोटींहून अधिक लोक आले. एका तोट्यातल्या प्रदर्शनामुळे हे सर्व झाले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. परंतु शिकलेली माणसे एका राजवटीबरोबर मरत नाहीत, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

कोणी म्हणेल, चीनची ही शिळी कहाणी आम्हांस कशाला ? त्यांस आम्ही आठवण देतो की आमच्याकडेही ह्याच मार्गाचे प्रयत्न झाले. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८९० मध्ये पुण्यास औद्योगिक परिषद भरविली. १९०४ मध्ये मुंबईस राष्ट्रीय सभेबरोबर प्रदर्शन झाले. नानकिंगचे दरवाजे मिटले त्याच सुमारास अलाहाबादेस मोठे प्रदर्शन उघडले. आणि आज ते कोणास आठवलेच तर ता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी तेथून विमानाने टपाल गेले एवढ्यासाठी ! नवल लक्षात राहिले, माल विसरला गेला. आजही आमच्या शहरोशहरी दरवर्षी प्रदर्शने भरतात. पाळणे फिरतात, खाण्याची दुकाने गजबजतात, मंत्र्यांच्या हस्ते फिती कापल्या जातात. पण कोणता माल कोणत्या गुणात उणा पडला, परगावच्या कारागिराने आमच्यापुढे कोठे पाऊल टाकले, हे छापून काढणारे अभ्यासमंडळ किती ठिकाणी असते ?

आमची व्यापारी बंधूंस विनंती इतकीच आहे. प्रदर्शनात गाळा घ्या, भाड्याचा हिशेबही अवश्य करा. पण एक दिवस दुकान मुनिमावर सोपवून, हातात वही घेऊन, शेजारच्या मांडवात जा, आणि त्याचा माल आपल्यापेक्षा बरा का, ते प्रामाणिकपणे लिहून आणा. बक्षीस मागण्याआधी शाळेस वर्गणी द्या. मांडणाऱ्यांत आणि परखणाऱ्यांत स्त्रियांना व कारागिरांना जागा द्या. आणि सरकार जेव्हा भागीदारीचे आमंत्रण घेऊन दारी येईल, तेव्हा आनंदाने पैसा द्या, परंतु त्याच बैठकीत आपला शब्दही मागून घ्या. नानकिंगच्या व्यापाऱ्यांनी पैसा दिला. शब्दासाठी त्यांचे पुढारी अर्जावर अर्ज करीत राहिले, आणि जो मिळाला तो अर्धा. त्या अर्ध्या शब्दाची उरलेली किंमत पुढल्या वर्षी साऱ्या देशाने भरली.